बटण बंद होतं

२४ नोव्हेंबर, सोम.

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. असू दे, मलाच वाचायचंय. उजवा हात पट्टीत. काल सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. अंगठा ठीक, शेवटची दोन बोटं ठीक. अंगठ्याशेजारची दोन मात्र दुसऱ्या कुणाची तरी चिकटवल्यासारखी.

काय झालं ते एकदा लिहून टाकते, डोक्यात नुसतं तेच फिरतंय. शुक्रवारी दुपारी. खताच्या दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता, त्याला वीज देणाऱ्या सप्लायच्या डब्यातला पंखा घरघरत होता. हे बाजारात गेलेले. मी भाकरी टाकल्या आणि तशीच पुढं आमच्या रिपेअरीच्या दुकानात आले. बटण बंद केलं. पिन बोर्डातच ठेवली, ह्यांचा नियम. डावा हात कॅबिनेटच्या पत्र्यावर, हाही ह्यांचाच नियम. सप्लायचं झाकण काढलं आणि पंख्यात तेलाचा थेंब सोडायला उजवा हात आत घातला.

मग कुणीतरी आतून धरून गदागदा हलवतंय असं झालं. ओरडायचं होतं, तोंड उघडेना. स्टूल कलंडलं आणि मी फरशीवर. डॉक्टर म्हणाले, स्टूल कलंडलं म्हणून वाचलात. एका हातातून दुसऱ्या हातात, आणि मध्ये छाती.

दवाखान्यात ह्यांनी पहिलं काय विचारावं? "बटण बंद केलं हुतंस न्हवं?"

"केलं होतं."

"मग करंट आला कुठनं?"

मला काय माहीत कुठनं आला.

२६ नोव्हें.

आज दिवसभर माणसं. सगळी आटपाडी येऊन गेली बहुतेक. प्रत्येकजण नारळपाणी आणतो आणि एकच विचारतो, लक्ष कुठं होतं?

हे सगळ्यांना सांगतात, "बटण चालू ऱ्हायलं असंल. बायकांच्या मागं काय एक काम असतंय व्हय? चुलीवरनं उठून आली बिचारी." एवढ्या मायेनं सांगतात की भांडताही येत नाही. वर मला मोसंबी सोलून देतात. मोसंबी खाल्ली. राग गिळला. दोन्ही आंबट.

बटण मी बंद केलं होतं. केलं होतं ना? कट्‌ असा आवाज आलेला आठवतो. पण तो रोजच येतो. शुक्रवारचा तोच आठवतोय की आदल्या दिवशीचा...

२७ नोव्हें.

आत्ती रडल्या. ह्यांना ओरडल्या नाहीत, मलाही नाही, नुसत्या पायाशी बसून रडल्या. "मी रोज घालती गं पाणी खड्ड्याला. एक दिस चुकवला न्हाई." अर्थिंगचा खड्डा मागच्या दारी तुळशीशेजारी आहे. आमच्याकडची जमीन कोरडी ठणठणीत, खड्डा वाळला की अर्थिंग गेलं. म्हणून आत्ती तांदूळ धुतलेलं पाणी आधी तुळशीला आणि उरलेलं खड्ड्याला घालतात. लेकाच्या दुकानासाठी. त्यांना वाटतंय खड्डा कोरडा पडला म्हणून सुनेला शॉक बसला.

खड्डा ओला होता, अर्थिंग चांगलं होतं. म्हणूनच तर करंटला माझ्यातून पत्र्यात आणि पत्र्यातून जमिनीत पळायला सरळ वाट मिळाली. हे आत्तींना कोण सांगणार. "तुमचं काही चुकलं नाही" एवढंच म्हणाले.

२९ नोव्हें. उंब्रज.

दादा येऊन घेऊन गेला. आठवडाभर माहेरी राहा म्हणाला. हायवेचा आवाज, ट्रक, हॉर्न. बरं वाटतं. इथं कुणी बटणाचं विचारत नाही.

३० नोव्हें.

वहिनी सकाळी फ्रीजपुढं उभी. "वन्सं, ह्याची पिन तुमी काढली व्हय?" काढली होती. मिक्सरची, टीव्हीची, इस्त्रीची, सगळ्यांच्या पिना काढल्या होत्या मी काल. कधी काढल्या तेही धड आठवत नाही. दोन लिटर दूध नासलं. वहिनी गुणाची, म्हणाली, कलाकंद करू. दादा म्हणाला, "कलाकंद खायला रोज काढत जा." हसलो सगळे. मग मी न्हाणीत जाऊन रडले.

भीती वाटते. लिहूनच टाकते, भीती वाटते. कॉम्प्युटरचं झाकण नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी तळहाताला घाम येतो. आणि दुसरं येतं काय मला? लग्नानंतर ह्यांनीच शिकवलं, आणि आवडलं. रॅम खोबणीत बसते तेव्हा जो बारीक टक्‌ आवाज होतो तो मला फार आवडतो. माझी बोटं बारीक, आतली कामं माझ्याकडं. बाहेरचं बोलणं, गिऱ्हाईक, ने-आण ह्यांच्याकडं. आता आतलं कोण करणार?

२ डिसें.

ह्यांचा फो. कुंडलला दोन दिवसांचा वर्ग ठरलाय, १३ आणि १४ ला. बचत गटाच्या बायका. कॉम्प्युटर उघडून साफ करणं, रॅम काढून बसवणं, सप्लायच्या पंख्याला तेल.

"तू बी ये. बाई माणूस बघून त्यास्नी धीर येतोय."

"पिनेचं काय शिकवणार?"

"जे शिकवतो ते."

"म्हणजे?"

"बटण बंद, पिन आत, एक हात पत्र्यावर. नवीन काय हाय त्यात?"

मी फोन ठेवला. नंतर परत केला. "सप्लायचं झाकण त्यांना उघडायला लावू नका." म्हणाले, "तुझं एकदा चुकलं म्हणून आख्ख्या जगानं झाकण उघडायचं न्हाई व्हय?"

माझं चुकलं म्हणे.

४ डिसें.

सावकाश लिहिते.

दादा पडवीतला दिव्याचा होल्डर बदलत होता. बटण बंद केलं, तरी टेस्टर लावून बघितला, तर टेस्टर पेटला. दादा शिव्या देत खाली उतरला आणि मेन बंद करून आला. मी विचारलं, बटण बंद असताना कसा पेटला? म्हणाला, "उलटं जोडलंय गं. बटण फेजवर पाहिजे, करंट येतोय त्या वायरीवर, ज्यानं जोडलं त्या बाबानं न्यूट्रलवर घातलंय. दिवा विझतोय, पण करंट तिथंच बसून ऱ्हातोय. लय घरांत असतंय असं. कोण बघतंय?"

मी तिथंच पायरीवर बसले. दादा म्हणाला, काय झालं, चक्कर आली का?

दुकानातला बोर्ड बघितला पाहिजे. उद्याच निघते.

५ डिसें. आटपाडी.

कराड, विटा, आटपाडी. विट्याला गाडी लवकर मिळाली नाही, जीव नुसता टांगणीला. घरात शिरले आणि पिशवी हातात घेऊनच दुकानात. हे गिऱ्हाइकाशी बोलत होते, "अगं, आलीस कशी एकटी?" टेस्टर डाव्या हातात धरला. बटण बंद केलं, कट्‌. एका भोकात घातला, काही नाही. दुसऱ्या भोकात घातला. पेटला.

बटण बंद, आणि टेस्टर पेटलेला.

मी बंदच केलं होतं. देवा, मी बंदच केलं होतं! दोन आठवडे मी स्वतःला खोटं समजत होते. गिऱ्हाइकासमोरच रडायला लागले. तो बिचारा पैसे न विचारताच गेला.

हा बोर्ड ह्यांनी स्वतः बसवलाय, गेल्या दिवाळीआधी. वायरमन बोलावू म्हटलं तर म्हणाले होते, एवढ्याला कशाला वायरमन.

ह्यांनी टेस्टर माझ्या हातातून घेतला. दोनदा बघितलं. मग स्क्रू काढायला बसले. वायरी बदलल्या, परत टेस्टर लावला, विझलेला. आणि मान वर करून काय म्हणाले? "झालं. आता बटण फेजवर आलं. आता नियम बरोबर हाय."

मला वाटलं होतं, ते... जाऊ दे, काय वाटलं होतं.

७ डिसें.

ह्यांच्या बाजूनंही लिहिलं पाहिजे. नाहीतर ही वही म्हणजे नुसतं उणंदुणं.

लग्नाच्या आधीची गोष्ट, ह्यांनीच सांगितलेली. थंडीचे दिवस, हवा अशीच कोरडी, चादर ओढली तरी ठिणग्या उडतात तसली. एका मोठ्या गिऱ्हाइकाची मशीन आली. टेबल नव्हतं. मामंजींची घोंगडी अंथरली, मेंढरांमागं फिरताना पांघरायचे ती. आमच्यात घोंगडीचा मान. पाहुणा आला तर घोंगडी, देवाचं काही असलं तर घोंगडी. ह्यांना वाटलं ह्याहून चांगली बैठक कुठली? तिच्यावर मशीन उघडली, मांडी घालून बसले, रॅम हातात घेतली. लोकर आणि कोरडी हवा. बोटाला चट्‌ झालं. रॅम गेली, मदरबोर्डपण गेला. ते गिऱ्हाईक चार लोकांत म्हणालं, मेंढरं राखायची सोडून हे धंदे कशाला? मामंजी तिथंच उभे होते.

तेव्हापासून पिन आत. पिन आत असली की अर्थिंग राहतं, पत्र्याला हात असला की अंगातली वीज निघून जाते. ह्यांना त्या नियमानं परत कधी मान खाली घालायला लागली नाही.

समजतं मला ते. पण पत्र्याला हात लावायला पिन आत कशाला हवी? पिन काढावी, चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरावं म्हणजे आत उरलेली वीज संपते, घोंगडी लांब ठेवावी आणि पत्र्याला हात लावून मग आत हात घालावा. सप्लायचा डबा तर उघडूच नये, नवा बसवावा. रॅम मेली तर दुसरी मिळते.

८ डिसें.

पट्टी काढली. पहिलं बोट सुईला "अगं आई" म्हणालं. दुसरं अजून मुकंच.

दुकानात एक रिकामं कॅबिनेट पडलंय. आत काही नाही, पिन नाही, वायर नाही, नुसता पत्र्याचा डबा. त्यात हात घालून बघू म्हटलं. कोपरापर्यंत घाम. नाही गेला हात.

१० डिसें.

भांडण. आत्ती मध्ये पडल्या तरी थांबलो नाही.

मी म्हणाले, कुंडलला बोर्ड कसा जोडलाय ते तुम्हाला माहीत आहे का? म्हणाले, "सरकारी हॉल हाय, नीटच असणार." मी म्हणाले, तुमचा स्वतःचा नीट नव्हता.

ते लागलं. लागणारच होतं.

"इतकी वर्सं करतोय. सप्लायची झाकणं उघडलीत, तेल घातलंय. मला कवा बसला करंट?"

आणि बोलता बोलता माझी नजर ह्यांच्या पायांकडं गेली. पायात जाड रबरी चप्पल. हे रस्त्यावरनं दुकानात येतात, चप्पल घालूनच बसतात. मी स्वयंपाकघरातनं येते, अनवाणी. हात ओले, पाय ओले, पदराला पुसून.

"तुमचे हात कोरडे, पायात चप्पल असते. आणि कुंडलच्या हॉलमध्ये सगळ्या बायका चपला दाराबाहेर काढून येणार. पुसलेल्या फरशीवर."

आपल्या चपलेकडं बघितलं ह्यांनी. मला वाटलं आता तरी पटलं. तर जेवण न करता बाहेर निघून गेले.

११ डिसें.

बोलणं नाही. मीठ पाहिजे असलं की आत्तींना सांगतात, "तिला मीठ दे म्हणावं." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली. आत्ती म्हणाल्या, "मी टपालवाली हाय व्हय रं?"

१२ डिसें.

"उद्या येणार हायस का?" एवढंच विचारलं.

मी येणार म्हणाले. टेस्टर पर्समध्ये टाकलाय.

१३ डिसें. शनि.

कुंडल. आत्ताच परत आलो. गाडीवर एवढा रस्ता, ह्यांची पाठ दगडासारखी.

पहिल्यापासून लिहिते. हॉलच्या दारात चपलांची रांग. आत फरशी नुकतीच पुसलेली, कोपऱ्यात अजून ओली. बायका सतरंजीवर, पुढं टेबल, टेबलावर कॅबिनेट, पिन बोर्डात. ह्यांनीपण चप्पल बाहेर काढली, सगळ्यांनी काढली म्हणून. म्हणजे आता ह्यांच्याही पायाखाली रबर नाही.

वर्ग सुरू व्हायच्या आधी बोर्डाजवळ गेले. बटण बंद केलं, टेस्टर लावला. पेटला. तिथं अगदी तेच. ह्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, "इथंपण उलटं आहे." ओठ न हलवता म्हणाले, "बस खाली. लोकं बघाय लागलीत."

बसले. का बसले? बायकांसमोर नवऱ्याचा अपमान नको म्हणून. सांगलीच्या दवाखान्यातनं परत आलेली बाई मी, आणि तरी बसले.

हे छान शिकवतात, ते खोटं नाही. बायकांना हसवलं. ही रॅम, हा मदरबोर्ड, ही धूळ म्हणजे आपल्या माळ्यावरची धूळ. मग म्हणाले, "आता पहिला नियम. बटण बंद..." आणि पुढं बोलायचे थांबले. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणतात पिन काढा. पण म्हणाले, "बटण बंद करायचं आणि एक हात पत्र्यावर ठेवायचा. कोण येतंय पुढं?"

पिनेचं नावच घेतलं नाही. आत आहे तर आत राहू दे, अशी ती पळवाट.

शालन मावशी उठल्या. साठीच्या, हातात काचेचा भरगच्च चुडा, आणि त्यात चांदीचं जाड कडं. "मी शिकती. नातवाचा बंद पडलाय." त्या पुढं आल्या, डावा हात पत्र्यावर ठेवला. पावलं ओली, फरशीवर उमटलेली दिसली मला. सप्लायचं झाकण ह्यांनी आधीच ढिलं करून ठेवलं होतं.

मी उठले. कशी गेले माहीत नाही. बायकांच्या मांड्यांवर पाय पडले असतील. बोर्डाजवळ गेले आणि पिन ओढून काढली. उजव्या हातानं. मुक्या बोटानं.

हे हसायला गेले. "आमच्या मॅडम जरा भेतात. त्यास्नी करंट बसलाय मागं."

शालन मावशींनी पत्र्यावरचा हात काढला. "कसा बसला गं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचे डोळे सांगत होते, बोलू नको. दिसलं मला ते. स्पष्ट दिसलं. तरी बोलले.

"बटण बंद होतं मावशी. ह्यांनी शिकवलं तसंच केलं होतं मी. जसं आत्ता तुम्ही करत होता."

हे खाली बघत उभे. एवढे लहान दिसले की माझ्याच पोटात तुटलं. सांगितल्याचा पस्तावा नाही, पण पोटात तुटलं.

नंतरचं सगळं पिन काढून झालं. झाकण परत घट्ट केलं. हे बोलत होते, हसवत नव्हते.

१४ डिसें. रवि.

मला न उठवता गेले. चहापण घेतला नाही. आत्ती म्हणाल्या, "गाडीचा आवाज बी येऊ दिला न्हाई, ढकलत नेली."

दिवसभर फो. लावतेय, उचलत नाहीत. हात ओट्यावर, डोळे फोनवर. डोळ्यांपुढं शालन मावशींचं कडं. दुपारी दोनदा अनोळखी नंबर आला, दोन्ही वेळा धावत जाऊन उचलला. दोन्ही कर्जवाले.

संध्याकाळी आले. धडधाकट, अंगावर धूळ. गरम पाणी दिलं.

"काय सांगितलं त्यांना?"

"जे सांगायचं ते."

"पिनेचं?"

"भूक लागलीय."

वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या, मीठ माझ्याकडंच मागितलं. काय सांगितलं ते अजून माहीत नाही. विचारायला आता भीती वाटते. जुनाच नियम सांगितला असला तर मी ह्या माणसाबरोबर राहायचं कसं?

१६ डिसें.

आत्ताच. दुकानात आहेत हे, मी आत येऊन लिहितेय.

सकाळी एक जुना कॉम्प्युटर आला, आठ आठ दिवस बंद असणारा, आत कोळ्याची जाळी. काम आतलं, म्हणजे माझं. मी भाजीच चिरत बसले. ह्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग हाक मारली, "सुरेखा, जरा दारात ये."

दारात गेले. भाजीचा पाला हाताला तसाच.

"तू सांग, मी करतो. पहिलं काय?"

मस्करी करतात की काय, म्हणून तोंडाकडं बघितलं. नव्हती मस्करी. कानशिलं लाल झालेली. ह्या माणसानं ‘पहिलं काय’ असं आयुष्यात कुणाला विचारलं नसेल.

"पिन काढा," मी म्हणाले.

काढली. टेबलावर माझ्याकडं तोंड करून ठेवली.

"चालू करायचं बटण दाबून धरा. सोडू नका लगेच."

धरलं.

"सप्लायला हात नाही लावायचा."

"न्हाई लावत."

"पत्र्याला हात लावा."

लावला. सगळं बरोबर होतं. पिन माझ्या समोर, डोळ्यांनी दिसत होती. मशीन मेलेली. झाकण काढलं ह्यांनी आणि उजवा हात आत न्यायला लागले, आणि मी किंचाळले, "थांबा!"

आत्ती मागच्या दारातनं पळत आल्या. हे जागच्या जागी थांबले. हात आत नाही, बाहेर नाही, काठावर. "काय चुकलं?"

काही चुकलं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. सांगता आलं नाही. आत निघून आले.

बाहेरनं आवाज येतोय. "अगं, घालू का हात?" रागानं नाही, खरंच विचारतायत. अजून घातला नाहीये. इथून ह्यांचं कोपर दिसतं, तसंच धरलेलं.

हो म्हणायचंय. तोंड उघडत नाही.